गाडी आमची, बूच मात्र कंपनीचे!



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, पीकविम्याचे पैसे असे सगळे पेटलेले विषय बाजूला ठेवून या पत्रकाची पाने एका लोखंडी बुचावर का खर्ची घालायची, असे पुष्कळांना वाटेल. वाटू द्या. किन्हीराजाच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिकेवरचे तीन विषय तासाभरात आटोपले आणि पत्रिकेत नसलेला हा चौथा विषय जेवणवेळ टळून गेली तरी चालूच राहिला. ज्या विषयाला लोक सतरंजीवरून उठत नाहीत तो विषय आमच्या लेखी मोठा. शिवाय यात भावाचाच प्रश्न आहे. पिकाचा भाव दुसरा ठरवतो, हे आपण वर्षानुवर्षे बोलत आलो. आपल्या दारातल्या यंत्राचे झाकण कोणी, कधी आणि किती रुपयांत उघडायचे, हेही आता दुसराच ठरवतो, त्यावर मात्र आपण बोललो नाही.

घडले ते असे. मालेगाव तालुक्यातल्या या गावात एका कापूसवाल्याने जुनी मोटार घेतली. हौस म्हणून नव्हे. घरात म्हातारी माणसे, दवाखाना लांब, आणि एसटीच्या भरवशावर पेशंट नेता येत नाही. गाडी बरी चालली होती. मग गिअर जड पडू लागला, दुसरा टाकताना कचकच वाजू लागला. गावच्या मेस्तरीने ऐकले आणि सांगितले, आधी गिअरबॉक्सचे तेल बदला, नाही थांबले तर पुढचे बघू. सल्ला शहाणपणाचा होता. तेल दोन-सव्वादोन लिटर, काम तासाभराचे.

अडले ते बुचापाशी. इंजिनाच्या तेलाचे बूच साध्या पान्याने सुटते, त्याला बाहेर षटकोनी डोके असते. या गिअरबॉक्सच्या बुचाला डोकेच नाही. ते आत बसलेले, आणि मध्यभागी एक चौकोनी खड्डा. त्या खड्ड्यात नेमके बसेल असे हत्यार मेस्तरीकडे नव्हते, मालेगावच्या दुकानात नव्हते, शेलूबाजारला नव्हते. वाशीमच्या दुकानदाराने विचारले, "कशाला भानगडीत पडता? कंपनीत न्या." कंपनीचे अधिकृत केंद्र आणखी लांब. (नाव लिहीत नाही. या बाबतीत सगळ्या एकाच माळेचे मणी.) तिथे फोन केला तर दोन उत्तरे मिळाली. पहिले, हे तेल 'लाइफटाइम' असते, बदलायचे नसते. दुसरे, बदलायचेच असेल तर गाडी इथे आणून लावा, पाना सुटा मिळणार नाही.

भावांनो, ही दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून बघा. तेल जन्मभराचे असेल तर खाली बूच कशाला ठेवलेत? आणि बूच काढायसाठीच ठेवले असेल तर ते काढायचा पाना गाडीच्या मालकाला का नाही?

'लाइफटाइम' या शब्दाचाही जरा हिशेब करू. कोणाची लाइफ? गिअरबॉक्समध्ये दातावर दात घासतो. लोखंडाची बारीक पूड तेलात उतरते. म्हणूनच पुष्कळ बुचांच्या टोकाला लोहचुंबक बसवलेले असते आणि तेल काढले की त्याला काळी मलई चिकटलेली दिसते. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक भोक असते, त्यातून पावसाळ्यात दमट हवा आत जाते. तेलात मिसळलेली रसायने दाब आणि उष्णता सोसून हळूहळू मरतात. हे सगळे कंपनीच्या इंजिनिअरला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्याच्या हिशेबात गाडीचे आयुष्य वॉरंटी संपेपर्यंत. किन्हीराजाच्या माणसाच्या हिशेबात गाडीचे आयुष्य, ती दुसऱ्याने वापरून विकल्यावर सुरू होते. दोघांच्या आयुष्यात इतके अंतर असेल तर एकच 'लाइफटाइम' दोघांना पुरणार कसे?

मोटार नाही म्हणून ट्रॅक्टरवाल्याने हसू नये. तुमच्या बुचाखाली दोन लिटर नव्हे, वीस-पंचवीसपासून चाळीस-पन्नास लिटरपर्यंत तेल असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शिअल आणि हायड्रॉलिक यांना मिळून एकच तेल. ते चुकले तर नुसता गिअर वाजत नाही, लिफ्ट उचलेनाशी होते.

आणि ते बिघडते कधी? बैल गोठ्यात होते तेव्हा एक आजारी पडला तर शेजाऱ्याचा मागून आणता येत होता. आज गावात पेरणीला जेवढे ट्रॅक्टर तेवढीच जोते. आपली जमीन काळी, भारी. पाऊस झाला की चिखल, दोन-चार दिवसांनी वाफसा, आणि ऊन तापले की तो वाफसा हातातून गेला. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खाते दर जूनमध्ये सांगते आणि बरोबर सांगते. पण तेवढा पाऊस होऊन वाफसा आला त्या दिवशी ट्रॅक्टर बुचापाशी अडून उभा असेल तर खाते काय करणार? कोरडवाहू कापूस उशिरा पेरला की त्याची बोंडे भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली असते. सिंचनवाला हा उशीर पाणी देऊन भरून काढतो. आपण कशाने काढायचा? म्हणून आम्ही म्हणतो, बुचाचा पाना हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या पेरणीच्या अवजारातच मोजला पाहिजे.

आता ही पान्यांची गर्दी झाली कशी, तेही समजून घ्या. आपल्याकडे ट्रॅक्टर आले ते देशोदेशींच्या घराण्यांतून. १९५९ साली फरीदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर निघाला, तो जर्मन वळणाचा. मॅसी इंग्लिश वळणाचा, एचएमटीचा झेटर झेकोस्लोव्हाकियाचा, एस्कॉर्टचा सुरुवातीचा पोलंडचा. स्वराज तेवढा आपल्या देशात आखलेला, दुर्गापूरच्या सरकारी यांत्रिक संशोधन संस्थेत, आणि १९७४ पासून मोहालीत बनू लागला. कोणाचे नट इंची, कोणाचे मिलिमीटरचे. जुना मेस्तरी अजूनही 'सूत' बोलतो. आठ सुतांचा इंच, चार सुती म्हणजे अर्धा इंच, सहा सुती म्हणजे पाऊण. त्याच्या पिशवीत दोन्ही मापे असत आणि त्याचे काम अडत नसे, कारण बुचाला बाहेर डोके होते आणि डोके दिसत होते.

पुढे बुचाचे डोके आत गेले. आत जाण्याला कारण आहे, ते नाकारायचे कारण नाही. दगडधोंड्यावर आपटून डोके तुटत नाही, जागाही कमी लागते. पण आत गेल्यावर प्रत्येकाने आपापला खड्डा पाडला. कोणाचा चौकोनी आठ मिलिमीटरचा, कोणाचा दहाचा, कोणाचा तीन सुती, कोणाचा षटकोनी सतरा मिलिमीटरचा, कोणाचा चांदणीच्या आकाराचा. तेल तेच, आटे त्याच जातीचे, काम तेच. यातला प्रत्येक आकार इंजिनिअरिंगच्या गरजेपोटी आला असे कोणी सांगितले तर त्याला आमच्या बैठकीला पाठवा.

यातला घोटाळा नेमका कुठे होतो ते सांगतो, कारण बुचे बिघडतात ती इथेच. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. म्हणून सहा सुती पाना एकोणीसच्या नटाला चालून जातो आणि आपल्याला वाटते की सगळीकडे असेच चालते. पण तीन सुती म्हणजे ९.५ मिलिमीटर. दहाच्या चौकोनी खड्ड्यात तीन सुती रॅचेटचे टोक घातले तर ते जाते, हलते, आणि जोर दिला की खड्ड्याचे चारही कोपरे गोल करून मोकळे होते. अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई. तेवढ्याने दोनशे रुपयांचे काम गिअरबॉक्स उतरवण्यापर्यंत जाते. त्यानंतर येतो छन्नी-हातोडा. आमचे मेस्तरी बांधव रागावतील, पण आम्ही स्पष्टच लिहितो: बुचाला छन्नी लावणे म्हणजे दात किडला म्हणून जबड्यावर घण घालणे. गिअरबॉक्सचे अंग पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमचे असते. बूच लोखंडाचे. ठोकाठोकीत मऊ पडते ते अंग, आणि आटे गेले की तेल कायमचे गळते.

मग करायचे काय? किन्हीराजाच्या बैठकीत हेच चालले होते, आणि जे ठरले ते इथे लिहितो, कारण बाकीच्या गावांना त्याचा उपयोग आहे.

पहिले काम मापाचे. बुचाच्या खड्ड्यातली माती तारेने आणि रॉकेल नसेल तर डिझेलने साफ करा. आत माती राहिली तर पाना पुरता बसत नाही. मग कपड्याच्या साबणाचा ओला तुकडा खड्ड्यात दाबून ठसा काढा आणि व्हर्नियरने मोजा. कोणी म्हणाले काळ्या मातीचा गोळा दाबू. ती वाळली की आकसते हे कापूसवाल्याला आम्ही सांगायची गरज नाही. व्हर्नियर नसेल तर गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे असतो. समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर मोजायचे, कोपऱ्यापासून कोपरा नव्हे.

खड्डा तीन सुती चौकोनी निघाला तर निराळे हत्यार लागतच नाही. तीन सुती रॅचेटचे एक्स्टेन्शन, सॉकेट न लावता, सरळ आत जाते. कित्येकांच्या घरी ते पडलेले असते आणि माणूस वाशीमच्या चकरा मारत असतो. षटकोनी सतरा निघाला तर महागाची एलन की आणण्याआधी हे करून बघा. दहा मिलिमीटर आट्याचा एक लांब बोल्ट घ्या, ज्याचे डोके सतराचे आहे. (काही नव्या बोल्टांचे डोके सोळाचे येते, दुकानातच मोजून घ्या.) बोल्टाचे डोके खड्ड्यात उलटे बसवा, वर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळा, आणि वरच्या नटाला पाना लावा... थांबा, सोडताना खालच्या नटाला, म्हणजे डोक्याकडच्या नटाला लावा. वरच्याला लावला तर तोच सुटून येतो. बूच परत आवळताना मात्र पाना वरच्या नटाला. काही रुपयांत सतराची चावी तयार.

दहाचा चौकोन असेल तर बाजारात दहा मिलिमीटरची चौरस सळई मिळते, खिडकीच्या जाळीला वापरतात ती. हलके आवळलेले बूच तिने सुटेल. पण ते लोखंड मऊ असते, बूच जाम असेल तर सळई गाजरासारखी पिळते. त्यासाठी जुन्या गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा गावच्या लोहाराकडून दहाच्या मापाला घडवून, कानशीने घासून, पाणी देऊन घ्या. पाणी किती द्यायचे ते तो जाणतो. फार दिले तर टोक तडकते. जो लोहार पिढ्यान्‌पिढ्या तिफणीच्या फणाला आणि कोळप्याच्या पासेला पाणी देत आला त्याला कंपनीचे 'विशेष साधन' तयार करायला एक दुपार लागते.

आता कृती. एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत विसरू नका: खालचे बूच सोडण्याआधी वरचे, तेल भरायचे बूच सोडून बघा. ते सुटत नसेल तर खालच्याला हात लावू नका. खालून तेल सगळे वाहून गेले आणि वरचे जाम निघाले, तर गाडी आहे तिथेच उभी, ना तेल भरता येते ना चालवता येते. गाडी थोडी फिरवून तेल कोमट करा, म्हणजे पातळ होऊन गाळासकट निघते. गाडी सपाट जागी हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचे नाही, चाकांखाली आणि साच्याखाली लाकडी ओंडके हवेत. बूच जाम असेल तर रात्रभर डिझेल सोडून ठेवा आणि सकाळी पान्याच्या शेंड्याला हलके ठोके द्या. तोंड बुचाकडे करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचे. गाडीखाली उताणे पडल्यावर डावे-उजवे उलटसुलट होते आणि माणूस सोडण्याऐवजी आवळत बसतो. बुचाखालचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर नवा टाका. नवीन तेल वरच्या भोकातून नळीने भरायचे, आणि पुष्कळ गाड्यांत तेल त्या भोकाच्या काठाशी आले की पातळी पुरी झाली असे समजायचे. तुमच्या गाडीची पातळी कशी बघायची ते पुस्तिकेत असते.

निघालेले तेल बांधावर ओतू नका, विहिरीच्या आसपास तर मुळीच नाही. त्यात धातूची पूड असते. डब्यात भरून जळके तेल घेणाऱ्याला द्या. हे आम्ही कृषी पदवीधर म्हणून सांगतो. पदवीच्या वर्षांत आम्हाला फळ्यावर चार स्ट्रोकचे इंजिन काढून दाखवले, गिअरच्या दातांचे गणित घातले, आणि एकाही ट्रॅक्टरचे एकही बूच उघडून दाखवले नाही. ते शिकायला आम्हाला मेस्तरीच्या गॅरेजात पाय ठेवावा लागला.

तेलाच्या बाबतीतही तीच लपवाछपवी. 'कंपनीचेच तेल घाला' असे सांगतात, पण त्या डब्यावरचे आकडे कोणी समजावून सांगत नाही. आकडे दोनच बघायचे. एक दाटपणाचा: ८०, ९०, १४०. गिअर तेलाची मोजपट्टी वेगळी आणि इंजिन तेलाची वेगळी. गिअरचे ९० आणि इंजिनचे ४०-५० हे दाटपणात जवळजवळ सारखेच, म्हणून नुसत्या आकड्याला भुलू नये. दुसरा आकडा जातीचा: जीएल-४ की जीएल-५. मोठा आकडा म्हणजे भारी तेल, अशी समजूत करून देणारे दुकानदार आहेत. जीएल-५ मधल्या जास्तीच्या गंधक-फॉस्फरसाच्या रसायनांनी काही गिअरबॉक्सच्या पितळी रिंगा खाल्ल्या जाऊ शकतात. पुस्तिकेत ४ लिहिले असेल तर ४ च. आणि ज्यांच्या ट्रॅक्टरला तेलात बुडालेले ब्रेक आहेत, त्यांनी साधे ९० नंबर ओतू नये. त्यांना गिअर, ब्रेक आणि हायड्रॉलिक तिघांना चालणारे तेल लागते, नाहीतर ब्रेक घसरतात नाहीतर ओरडतात. ही सगळी माहिती जगजाहीर प्रमाणांची आहे. ती प्रमाणे पाळणारे कोणत्याही कंपनीचे तेल चालते. नाव बघून नव्हे, आकडा बघून तेल घ्या.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेऊ. ते म्हणतात, बाहेर बनावट माल मिळतो, अडाणी माणूस हात घालतो, गाडी बिघडते आणि नाव आमचे खराब होते. बनावट तेल मिळते हे खरे. पण त्यावर इलाज, आकडे लपवणे की ठळक छापणे? आणि अडाणी कोणाला म्हणता? जो माणूस विहिरीत उतरून पंपाचा फुटव्हॉल्व्ह बदलतो, फवारणी पंपाचे नोझल रानात बसून खोलतो-जोडतो, पेरणी यंत्रातून एकरी किती बी पडते ते चाक फिरवून काढतो, त्याला एक बूच उघडता येणार नाही? त्याला येणार नाही अशी सोय तुम्ही केली आहे.

हे आमचेच रडगाणे नाही. देशाच्या स्पर्धा आयोगाने हे लेखी सांगितले आहे. २०११ साली शमशेर कटारिया या ग्राहकाने तीन मोटार कंपन्यांविरुद्ध आयोगाकडे माहिती दिली की सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने एकूण चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे आदेश दिला: सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळाली पाहिजेत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. २०१६ च्या डिसेंबरात अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या अपिलात दंड कमी केला, पण दोष कायम ठेवला. बाकीचे वकील आणि तारखा.

हा निकाल मोटारींचा. ट्रॅक्टर त्यात नव्हते. म्हणजे शहरातल्या मोटारवाल्याने तक्रार केली तेव्हा त्याच्यापुरते निकालात आले, आणि ट्रॅक्टरवाल्यांनी कोणी तक्रारच केली नाही. दोष कोणाला देणार?

पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. चार क्षेत्रे ठरवली: शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी. शेतीचे नाव यादीत होते, हे आम्ही मान्य करतो. २४ डिसेंबर २०२२ ला संकेतस्थळ उघडले, कंपन्यांनी त्यावर आपापली माहिती टाकायची. कायद्याची सक्ती मात्र नाही. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने कोणती वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचा निर्देशांक सुचवला, तो मोबाइल आणि विजेच्या वस्तूंसाठी. शेतीची अवजारे पुन्हा मागच्या बाकावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि त्याच्या सुट्या भागांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला, त्याच्या जाहिराती गावोगाव झाल्या. स्वस्त झालेला सुटा भाग बसवायला बूच उघडावे लागते, हे कोणी जाहिरातीत लिहिले नाही.

अमेरिकेत हीच लढाई आपल्याहून मोठ्या ट्रॅक्टरांवर चालली आहे. तिथे बूच लोखंडाचे राहिले नाही, संगणकाचे झाले. यंत्र बंद पडले तर कंपनीच्या माणसाने आपला संगणक जोडल्याशिवाय ते चालू होत नाही. तिथले शेतकरी भांडले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर याच कारणासाठी खटला भरला. आपल्याकडे नव्या ट्रॅक्टरांत संगणक शिरू लागले आहेत. लोखंडी बुचाशी आज भांडलो नाही तर उद्याचे बूच डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही.

सरकारी योजनांबद्दल दोन शब्द. २०१४-१५ पासून केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण अभियान आहे, आपल्या जिल्ह्यात पोकरा आला, गटांना अवजार बँका मिळाल्या. रोटाव्हेटर आले, पेरणी यंत्रे आली, फलक लागले, फोटो झाले. आम्ही पाहिलेल्या अवजार बँकेत लाखांची यंत्रे होती आणि ती उघडायला एक पुरा पान्यांचा संच नव्हता. अनुदान यंत्राला मिळते, चावीला मिळत नाही, कारण चावीवर कोणाचे कमिशन निघत नाही. आम्हाला चावीला अनुदान नकोही. खुल्या बाजारात ती मिळू द्या, आम्ही विकत घेऊ. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्याच्या छातीवरून गेला, ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ ला पुरा खुला झाला. त्यावरून मुंबईचा माल आठ तासांत नागपूरला जातो म्हणे. त्या मालात एक दहा मिलिमीटरची चौकोनी चावी मालेगावपर्यंत येऊ नये?

आमच्या मागण्या लांबलचक नाहीत. नवी मोटार किंवा ट्रॅक्टर विकताना तेलाच्या प्रत्येक बुचाची चावी हत्यारांच्या पिशवीत दिलीच पाहिजे. पूर्वी पिशवी मिळत होती, ती हळूहळू हलकी होत गेली. तेल किती लिटर, कोणत्या आकड्याचे, किती तासांनी किंवा किलोमीटरनी, आणि बुचाचे माप काय, हे मराठीत पत्र्यावर कोरून गाडीला लावले पाहिजे. २०१४ चा वॉरंटीचा आदेश ट्रॅक्टरांना लागू केला पाहिजे. जिल्हा बैठकीत हा ठराव म्हणून येईल.

तोवर हातात जे आहे ते वापरा. गाडी वॉरंटीत असेल तर तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर किंवा तास, तेलाचा आकडा वहीत लिहा आणि पावती जपून ठेवा. विक्रेत्याने बाहेर तेल बदलले म्हणून वॉरंटी नाकारली तर तोंडी वाद घालू नका, 'कारण लेखी द्या' एवढेच म्हणा. राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही. ट्रॅक्टर हा 'व्यापारी वापर' आहे, शेतकरी ग्राहक नाही, असा मुद्दा वकील काढतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच स्पष्टीकरण आहे की स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी धरायची नाही. ते कलम वाचून दाखवा.

किन्हीराजाकरांनी वर्गणी काढून गावासाठी एक संच करायचे ठरवले आहे: तीन सुती आणि चार सुती रॅचेट, आठ आणि दहाचे चौकोन, दहापासून सतरापर्यंतच्या एलन चाव्या, एक व्हर्नियर, तेल भरायची नळी. संच मेस्तरीकडे राहील आणि नेणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जाईल. त्या मोटारवाल्याचा चौकोन दहाचा निघाला. लोहाराने कमानपाट्याची चावी करून दिली, बूच दुसऱ्या झटक्याला सुटले, आणि आतून निघालेले 'लाइफटाइम' तेल डांबरासारखे काळे होते. दुसरा गिअर अजून थोडा वाजतो. मेस्तरीचे म्हणणे आहे की रिंग झिजली आहे, तेल चार वर्षे आधी बदलायला हवे होते.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपापल्या मोटारी, जीपा आणि ट्रॅक्टर यांच्या बुचांची मापे एका कागदावर लिहून आणावीत: गाडीचे नाव, साल, वरच्या बुचाचा आकार आणि माप, खालच्याचा आकार आणि माप, तेलाचा आकडा, लिटर. सगळ्या गावांचे कागद एकत्र करून पुढच्या अंकात तक्ता छापू. ज्यांचे माप काढताना बूच गोल झालेले आढळेल त्यांनी तेही लिहावे, लाजू नये. मूळ माप शेजारच्या गावातल्या तशाच गाडीवरून मिळेल.